नव्या गिटारीचे म्हातारपण



पावसाळा सरता सरता एका कामानिमित्त चार-सहा दिवस भोपाळास राहण्याचा योग आला. उतरलो ते आपल्याच एका कुटुंबाकडे. या घराण्याचे मूळ गाव अहिल्यानगर, म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यातले. १९६० नंतरच्या काळात आजोबा हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले, पिपलानीच्या वसाहतीत त्यांनी संसार थाटला, निवृत्तीनंतर जवळच चार खोल्यांचे घर बांधले आणि तेथेच ते देवाघरी गेले. आता नातवंडे हिंदी बोलत मोठी झाली आहेत. परंतु आजीबाईंच्या धाकामुळे उंबरठ्याच्या आत मराठीच चालते.

पहिल्याच संध्याकाळी प्रार्थना आटोपून आम्ही बोलत बसलो होतो, तोच गच्चीवरून खर्र खर्र असा आवाज येऊ लागला. आजीबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काय सांगू फादर, पोराने वर्षभर पैसे साठवून नवी कोरी गिटार आणली, आणि आता तीच खरवडत बसलाय. तुम्ही तरी विचारा त्याला."

मी वर गेलो. नातू, वीस-बावीस वर्षांचा, चांगला शिकलेला, चर्चच्या गायकवृंदात वाजवणारा, मांडीवर निळ्या रंगाची इलेक्ट्रिक गिटार आडवी घेऊन पॉलिशपेपरने तिचा रंग काढीत होता. शेजारी चहाच्या चोथ्याची वाटी, बुटाच्या पॉलिशची डबी, एक किल्ल्यांचा जुडगा.

"का रे बाबा, इतकी चांगली वस्तू खराब करतोस?"

"खराब नाही फादर," तो म्हणाला, "जुनी करतोय."

जुन्याला नवे करण्याची हौस मला ठाऊक होती. सणाला आपण चर्चला चुना देतो, पोळ्याला बैलांची शिंगे रंगवतो, आणि केसांना कलप लावणारे तर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. पण नव्याला जुने करण्यासाठी घाम गाळणारा मनुष्य मी प्रथमच पाहिला. त्या चार-सहा दिवसांत मी त्याच्याकडून पुष्कळ शिकलो.

आपल्या गावच्या गायकवृंदात असते ती गिटार पोकळ पोटाची. तारेचा नाद त्या पोकळीत घुमतो आणि भोकातून बाहेर येतो. इलेक्ट्रिक गिटारीला पोट नाही. ती जेवायला बसण्याच्या पाटासारखी भरीव फळी असते. तारांखाली लोहचुंबक बसवलेले असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उत्पन्न होते आणि ती ध्वनिवर्धकाकडे जाते. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधील फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा एक रेडिओदुरुस्ती करणारा गृहस्थ होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तरी १९५० मध्ये त्याने अशा भरीव फळीची गिटार बाजारात आणली, आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर नावाची दुसरी. आज जगभर, आणि आपल्या कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांतही, ज्या आकाराची गिटार दिसते तो बहुधा हाच आकार.

१९६५ च्या आरंभी फेंडरने आपला कारखाना सीबीएस या मोठ्या कंपनीस विकला. पुढे वादकांत असा समज दृढ झाला की विक्रीपूर्वीच्या गिटारींची सर नव्यांना नाही. समजात तथ्य किती आणि जुन्या दिवसांची ओढ किती, हे मला ठरवता येणार नाही. परंतु किमती चढत गेल्या, आणि ज्या गिटारी दारूच्या गुत्त्यांत आणि नाचघरांत घासून निघाल्या होत्या त्यांच्यावरचे ओरखडे हेच त्यांचे दागिने ठरले. तेव्हा १९९५ मध्ये त्याच कंपनीने, आता तिचे मालक पुन्हा बदलले होते, नव्या गिटारी मुद्दाम झिजवून विकावयास आरंभ केला. मिसुरी प्रांतातील व्हिन्स क्युनेटो नावाचा एक कारागीर पहिली काही वर्षे त्यांचे हे काम करून देत असे. झिजवलेल्या गिटारीला नव्यापेक्षा अधिक दाम पडू लागला, आणि आजही पडतो.

या मालाला त्यांनी नाव दिले 'रेलिक'. हा शब्द त्या मुलाच्या तोंडून ऐकताच मी दचकलो. वाचकांस ठाऊक आहेच की इंग्रजीत रेलिक म्हणजे संतांचे पवित्र अवशेष. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचे दर्शन २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत खुले होते, तेव्हा आपल्यापैकी कित्येक जण तेथे जाऊन आले. अशा अवशेषांची विक्री करण्यास ख्रिस्तसभेच्या कायद्याने सक्त मनाई आहे. मध्ययुगात खोट्या अवशेषांचा सुळसुळाट झाला होता, म्हणून अवशेषासोबत त्याच्या खरेपणाचा दाखला ठेवण्याची शिस्त पडली. मी हे सांगितल्यावर तो मुलगा हसून म्हणाला, "फादर, कंपनीच्या गिटारीबरोबरही दाखला मिळतो." मी निरुत्तर झालो. खरेच, जो स्वतःच्या तोंडाने 'ही नवी आहे, आम्ही झिजवली आहे' असे सांगून विकतो, त्याच्यावर लबाडीचा आरोप कसा ठेवणार? नाटकात पांढरी दाढी लावून आलेल्या नटाला कोणी लबाड म्हणत नाही.

आता खरी झीज कशी होते ते पाहू, कारण या विद्येचे सारे मर्म तेथेच आहे. वाजवणाऱ्याचा उजवा हात कोपराच्या पुढे जेथे टेकतो, तेथला रंग प्रथम जातो. दांडीच्या पाठीमागे डावा अंगठा फिरतो, तेथे लाकूड उघडे पडून रेशमासारखे गुळगुळीत होते. पडद्यांच्या मधोमध बोटे पडतात तेथे करडे डाग उमटतात, आणि पहिल्या चार-पाच पडद्यांत ते अधिक, कारण हात तेथे अधिक राहतो. मागच्या बाजूस कमरपट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. तळहात घोडीवर टेकतो, तेथले स्क्रू घामाने गंजतात. वरच्या खुंट्या मात्र केवळ निस्तेज होतात. पांढरे प्लास्टिक पिवळसर पडते, परंतु जेथे उजेड पोचला नाही तेथे ते पांढरेच राहते. उघड्या पडलेल्या लाकडात वर्षानुवर्षे घाम आणि मळ जिरून ते काळपट होते.

त्या काळच्या पुष्कळ गिटारींवर जो रोगण असे तो कापसापासून बनत असे. कापसावर तीव्र आम्लांची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज तयार करतात आणि ते पातळ करून लाकडावर फवारतात. हा थर अतिशय पातळ. वर्षे लोटली की तो पिवळसर होतो, ठिसूळ होतो. थंड जागेतून वाद्य एकदम उबेत आणले की लाकूड एका मापाने फुगते आणि रोगण दुसऱ्या मापाने, आणि मग उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा बारीक भेगा त्याला पडतात. त्या भेगांसाठी हौशी लोक वेडे होतात. कोणी गोठवणारा फवारा मारून त्या पाडतात, कोणी दाढीच्या पात्याने एकेक रेघ ओढतात.

खऱ्या झिजेची दोन उदाहरणे त्या मुलाने मला आपल्या फोनवर दाखवली. अमेरिकेचा गायक विली नेल्सन १९६९ पासून एकच गिटार वाजवीत आला आहे. ती पोकळ पोटाची, बोटांनी छेडण्यासाठी बनलेली. तिच्यावर नखीचा आघात सोसणारी पट्टी नाही. तो मात्र नखीनेच वाजवतो, म्हणून तिच्या पोटाला मूळ भोकाशेजारी दुसरे भोक पडले आहे. दुसरा आयर्लंडचा रोरी गॅलगर. १९६१ साली बनलेली स्ट्रॅटोकास्टर त्याने १९६३ मध्ये कॉर्क शहरात विकत घेतली आणि १९९५ साली मरेपर्यंत वाजवली. मध्यंतरी ती चोरीस गेली आणि एका खंदकात भिजलेली सापडली असे सांगतात. त्याच्या घामानेही रंग उतरला म्हणतात. तिच्यावर रंगापेक्षा लाकूडच अधिक दिसते. २०२४ मध्ये लंडनला तिचा लिलाव झाला आणि ती आयर्लंडच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाकडे गेली. त्या गिटारीच्या हुबेहूब नकलाही विकत मिळतात, तोच ओरखडा त्याच जागी.

ते चित्र पाहताना मला रोममधील संत पेत्राच्या महामंदिरातली कांस्यमूर्ती आठवली. शतकानुशतके यात्रेकरूंनी स्पर्श करून आणि चुंबून तिच्या उजव्या पायाची बोटे झिजून एक झाली आहेत. आणि खरे सांगायचे तर त्याहून आधी आठवले ते आमच्या घरचे जाते. त्याच्या खुंट्याला आईच्या मुठीचा आकार आला होता. दुसऱ्या कोणी धरला तर तो हातात नीट बसत नसे.

असो. त्या मुलाचे काम मात्र काही साधत नव्हते. त्याची गिटार आजच्या स्वस्त गिटारींसारखीच होती. तिच्यावर कापसाचा पातळ रोगण नव्हता, पॉलीयुरेथेनचा जाड थर होता. तो झिजत नाही, कवचासारखा टिकून राहतो. पॉलिशपेपरने घासला तर निळ्याखाली पांढरा लेप लागतो, त्याखाली पुन्हा काचेसारखा थर, आणि मग कोठे लाकूड. त्यामुळे खरवडलेल्या जागेभोवती अंड्याच्या टरफलासारखी पांढरी कड दिसत होती. उघडे पडलेले लाकूडही नव्या पेटीसारखे गोरेपान. त्यावर तो चहाचा चोथा आणि बुटाचे पॉलिश चोळी, तरी डाग डागासारखाच दिसे. किल्ल्यांचा जुडगा आपटून पाडलेले खड्डे सगळीकडे सारखे, जणू देवी आल्या आहेत! खरी वस्तू चार ठिकाणी अतोनात झिजते आणि इतरत्र नव्यासारखी असते, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते.

आमचे बोलणे ऐकत आजीबाई जिना चढून वर आल्या. काही न बोलता त्या खाली गेल्या आणि ट्रंकेतून आजोबांचे व्हायोलिन घेऊन आल्या. आजोबा मिशनच्या शाळेत ते शिकले होते आणि येथे भोपाळला नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला वाजवीत. मुलाने ते वर्षानुवर्षे पाहिले नव्हते. आम्ही दिव्याखाली धरले. जेथे हनुवटी टेकते तेथला रंग पार उडालेला. दांडीजवळ, जेथे डावा तळहात अंगाला लागतो, तेथे तळहाताएवढा चट्टा. तारांखाली राळेची पांढरी भुकटी लाकडात मुरलेली. मधल्या कमरेच्या एका कडेवर गजाचे घाव. उरलेले अंग लख्ख तांबूस. "आजोबांचा हात लांब होता," आजीबाई म्हणाल्या, "म्हणून तो चट्टा इतका खाली."

आत डोकावले तर चिठ्ठीवर लॅटिन अक्षरे: अंतोनियुस स्ट्रादिव्हारियुस! मुलाचे डोळे विस्फारले. मला त्याचा हिरमोड करावा लागला. क्रेमोनाचा हा थोर कारागीर १७३७ मध्ये वारला. पुढे जर्मनी आणि बोहेमियातील कारखान्यांनी हजारो स्वस्त व्हायोलिनांत त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. म्हणजे नव्याला जुने करण्याची कला गिटारवाल्यांनी काढलेली नाही. पॅरिसचा व्हीयोम (१७९८–१८७५) हा जातिवंत कारागीर जुन्या इटालियन व्हायोलिनांच्या नकला करी, आणि त्यांचा रंग जेथे झिजायला हवा तेथेच झिजवी. मुंबईच्या चोरबाजारातही 'आजोबांच्या काळचा' म्हणून जो पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन पुढे केला जातो, तो पुष्कळदा जुन्या-नव्या भागांची जुळवाजुळव असतो.

भोपाळात बसून तंबोऱ्याच्या भोपळ्याची आठवण व्हावी हा शब्दांचा खेळ म्हणा. पण आमच्या मिरजेचे कारागीर मला तेथे आठवले खरे. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांनी तेथे एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याचे काम सुरू केले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून ते चांगले वाळवायचे, आणि तुणीच्या लाकडाची दांडी बसवायची, अशी तेथली रीत. त्या गल्लीत जुना तंबोरा दुरुस्तीला आला की तो नव्यासारखा चकचकीत करून देण्यात कारागिराची प्रतिष्ठा असते. त्यांना कोणी सांगितले की नवा तंबोरा मळका करून द्या, तर ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहत राहतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक प्रसंग घडला, तो लिहू की नको असा मला विचार पडला होता. स्क्रू आणि घोडीचे धातूचे भाग गंजवायचे राहिले होते. त्याने कोठे तरी पाहिले होते की बरणीच्या तळाशी संडास धुण्याचे अॅसिड ओतून वर स्क्रू टांगावे आणि झाकण लावावे; वाफेने दोन-तीन तासांत दहा वर्षांचा गंज चढतो. गंज चढला. परंतु त्याने झाकण उघडले आणि वाऱ्याने ती वाफ शेजारच्या गच्चीकडे गेली. तेथे एक वृद्ध बाई वाळवण राखीत होत्या. सारे त्यांना खाला म्हणतात. त्यांना ठसका लागला, त्यांनी ओढणी तोंडावर दाबली आणि भिंतीला धरून एकच शब्द उच्चारला, "गॅस?"

१९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, तेव्हा खाला रेल्वे स्थानकाजवळच्या वस्तीत राहत होत्या. हजारो माणसे मेली. पाच लाखांहून अधिक लोकांना बाधा झाल्याची सरकारी नोंद आहे. खालांच्या घरातून त्या रात्री किती जण गेले, ते त्यांनी मला सांगितले. मी येथे लिहीत नाही. त्यांचे फुप्फुस तेव्हापासून अधू आहे.

मुलगा बरणी तेथेच टाकून धावला. त्याने पाणी नेले, त्यांना खाली आणले, त्यांच्या पायांशी बसून राहिला. तासाभराने त्यांचा श्वास ठिकाणावर आला. मी त्याला रागावलो नाही. रागावण्याजोगे काही उरले नव्हते. एवढेच सांगतो की कोणत्याही वाचकाच्या घरी ही हौस शिरली, तर अॅसिडाच्या वाफेच्या वाटेस जाऊ नका. मीठ आणि व्हिनेगर यांत बुडवलेला स्क्रूही चार-आठ दिवसांत गंजतो, आणि शेजाऱ्याला त्रास होत नाही. रंग खरवडताना नाकातोंडावर फडके बांधा. ती धूळ छातीला वाईट.

त्या रात्री जेवणानंतर तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "फादर, एक गोष्ट तुम्हाला सांगितली नाही." इंदूरच्या एका माणसाने फोनवर गिटारीची छायाचित्रे पाहिली होती, संध्याकाळच्या उजेडात पांढऱ्या कडा दिसत नव्हत्या. तो नव्या गिटारीच्या दुप्पट किंमत द्यायला तयार होता. त्याने एकच प्रश्न विचारला होता: ही किती सालची? मुलाने तीन दिवस उत्तर दिले नव्हते. घरात त्या पैशांची वाट पाहणारी कामे होती. बहिणीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता त्यातलाच एक.

"मी खोटे बोललेलो नाही अजून," तो म्हणाला. "तो स्वतःच समजला की जुनी आहे."

मी लगेच काही बोललो नाही. त्या हप्त्याची गोष्ट मला आधीच ठाऊक होती, आणि माझ्याजवळ त्यावर उपाय नव्हता. एवढेच म्हणालो, "अरे, त्याने साल विचारले आहे. साल तर तुला माहीत आहे."

तो उठला. त्याने स्क्रूड्रायव्हर आणला, तारा सैल केल्या आणि मागचे चार स्क्रू काढून गिटारीची दांडी फळीपासून वेगळी केली. या गिटारींचा सांधा तसाच असतो. कारखान्यातले लोक पूर्वी तेथेच पेन्सिलीने तारीख लिहीत. त्याने त्या खाचेत काळ्या शाईने लिहिले: नवी घेतली, २०२५, भोपाळ येथे घरी झिजवली. खाली आपले नाव घातले. त्याचे छायाचित्र काढून इंदूरला पाठवले आणि मग दांडी पुन्हा बसवली.

सकाळी उत्तर आले. त्या गृहस्थाने राग केला नाही, पण किंमत उतरवली. नव्या गिटारीहूनही चार हजार कमी. मुलाने नमस्कार कळवून व्यवहार सोडला. हप्त्यासाठी त्याच्या वडिलांनी पतपेढीतून उचल काढली.

मी निघालो तो रविवार होता. सकाळच्या मिस्सेला गायकवृंदात तो तीच गिटार घेऊन उभा होता. नवे स्क्रू चमकत होते, पांढऱ्या कडा दुरूनही दिसत होत्या. पुढच्या बाकावर आजीबाई आणि त्यांची नात. मिस्सा संपल्यावर मी वेदीवरून उतरून त्याच्याजवळ गेलो. तो अजून शेवटच्या गीताची चाल हळूच वाजवीत होता. मी वाकून पाहिले. खरवडलेला चट्टा वर राहिला होता, त्या आयरिश वादकाच्या गिटारीवर असतो तेथे. याचा स्वतःचा हात टेकत होता तो दोन बोटे खाली, जेथे निळा रंग शाबूत होता.